वाचकांचे प्रश्न : परदेशातील खर्च आणि कार्डाची खरी किंमत

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून येत्या उन्हाळ्यात मुलीबरोबर फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला जाणार आहोत. विमान आणि हॉटेल यांचे पैसे भरून झाले आहेत. तिथे जेवण, प्रवास, तिकिटे आणि थोडी खरेदी यांसाठी सुमारे दोन लाख रुपये लागतील असा अंदाज आहे. आमची बँक फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घ्यायचे कार्ड) घ्या म्हणते, मुलगी ‘झीरो मार्कअप’ कार्डाचा आग्रह धरते आणि शेजारी सांगतात की लक्ष्मी रोडवरून युरो घ्या आणि निश्चिंत जा. कोणाचे ऐकावे?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. मात्र त्याची कारणे समजून घेतली नाहीत, तर चांगले कार्ड हातात असूनही पैसे जाऊ शकतात.

आपल्याकडे आज जे साधे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड आहे, ते परदेशात वापरल्यास अनेक बँका रकमेवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचे जादा शुल्क, लावतात आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी आकारला जातो. म्हणजे प्रत्यक्षात 4.13 टक्के. दोन लाखांच्या खर्चावर ही रक्कम 8,260 रुपये होते आणि ती वेगळी मागितली जात नसल्यामुळे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. झीरो मार्कअप कार्डात हा भार नसतो. व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांचा त्या दिवसाचा दर तेवढा लागतो आणि तो दर या कंपन्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. पडताळून पाहता येणारा दर ही माझ्या मते या कार्डांची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

तरीही कार्ड घेण्यापूर्वी अटींचे पत्रक मागून घ्यावे आणि त्यात वार्षिक शुल्क किती, एटीएममधून पैसे काढल्यास किती, सवलतीसाठी खात्यात ठरावीक शिल्लक किंवा मुदत ठेव ठेवावी लागते का, हे पाहावे. बँका या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून गेल्या वर्षी नातेवाइकांना मिळालेल्या सवलतीवर विसंबू नये. निवृत्तांना क्रेडिट कार्ड मिळायला कधी कधी अडचण येते. अशा वेळी बचत खात्यावरचे झीरो मार्कअप डेबिट कार्ड सोयीचे पडते आणि खर्च होईपर्यंत पैशांवर बचत खात्याचे व्याजही मिळत राहते.

फॉरेक्स कार्डाचा फायदा एकच, पण खरा आहे. ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा दर पक्का होतो. पुढे रुपया घसरला तरी आपले अंदाजपत्रक कोलमडत नाही. परंतु बँकेचा नफा त्या विक्रीच्या दरातच धरलेला असतो. ‘कमिशन नाही’ एवढ्यावर समाधान न मानता त्या दिवशीचा बाजारातला दर आणि आपल्याला सांगितलेला दर यांतील फरक विचारावा. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. स्वित्झर्लंडचे चलन युरो नसून फ्रँक आहे. कार्डात फक्त युरो भरले आणि झुरिकमध्ये ते कार्ड चालवले, तर युरोचे फ्रँक करताना पुन्हा शुल्क लागते. फॉरेक्स कार्डच घ्यायचे ठरले तर दोन्ही चलने वेगवेगळी भरून घ्यावीत आणि बेताचीच भरावीत, कारण उरलेले परकीय चलन बँक कमी दराने परत घेते आणि दोन्ही वेळचे नुकसान आपलेच असते.

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक लोक फसतात, त्याकडे वळतो. पॅरिसच्या एखाद्या दुकानात 84 युरोंची खरेदी झाली आणि आपण कार्ड मशीनला लावले, की मशीन कार्ड भारतीय असल्याचे ओळखते आणि पडद्यावर दोन पर्याय दाखवते : वर 84 युरो, खाली रुपयांतली रक्कम. हिशेबासाठी 1 युरो म्हणजे 100 रुपये धरला, तर खाली 8,400 असायला हवेत; तिथे 8,820 दिसू शकतात. हे जादाचे 420 रुपये दुकानाची बँक आणि तिच्यासाठी चलन बदलून देणारी कंपनी यांचे असतात. आपल्या ओळखीचा रुपया दिसला म्हणून मन तिकडे झुकते, विक्रेताही कधी कधी न विचारताच तो पर्याय दाबतो आणि मग झीरो मार्कअप कार्डाचा उपयोग राहत नाही, कारण चलनाची अदलाबदल आपल्या कार्डाच्या दराने झालेलीच नसते. शिवाय परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही काही बँका वेगळे शुल्क लावतात. म्हणून दुकान असो, हॉटेल असो की एटीएम, प्रत्येक वेळी तिथलेच चलन निवडावे. पावतीवर रुपये दिसले, तर सही करण्यापूर्वी किंवा निघण्यापूर्वी तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. तसे सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

शेजाऱ्यांचा सल्ला मी पूर्ण मोडीत काढणार नाही. दोन-तीनशे युरोंच्या आणि थोड्या फ्रँकच्या नोटा जवळ असाव्यात. छोटी दुकाने, स्वच्छतागृहे आणि अडीअडचण यांसाठी त्या लागतात. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी युरो घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये मिळतात आणि दर दुकानदाराचा असतो. नोटा पुण्यातच अधिकृत विक्रेत्याकडून, दोन-तीन ठिकाणी दर विचारून घ्याव्यात. विमानतळावरच्या खिडकीत दर सहसा महाग असतो. 50,000 रुपयांपर्यंतचेच परकीय चलन रोख रुपये देऊन घेता येते, त्यापुढे बँकेमार्फत पैसे द्यावे लागतात. परत आल्यावर उरलेले चलन 180 दिवसांच्या आत परत करायचे असते. 2,000 डॉलरपर्यंतचे मात्र जवळ ठेवता येते.

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून मर्यादा ठरवून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2020 पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. हे राहून गेल्यामुळे परदेशात पहिल्याच दुकानात कार्ड नाकारले जाणे अगदी नेहमीचे आहे. दोन वेगळ्या बँकांची कार्डे घ्या, एक व्हिसाचे आणि एक मास्टरकार्डचे, आणि एकाच पर्समध्ये ती ठेवू नका. हॉटेलात अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवतात, तिथे क्रेडिट कार्ड द्यावे. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिल्यास आपलेच पैसे कित्येक दिवस अडकून राहतात.

टीसीएसची, म्हणजे परदेशी खर्चाच्या रकमेवर बँक आधीच वसूल करते त्या कराची, काळजी आपल्याला नाही. 1 एप्रिल 2025 पासून तो ज्या रकमेपुढे लागतो ती मर्यादा एका आर्थिक वर्षात प्रत्येकी 10 लाख रुपये आहे. डेबिट आणि फॉरेक्स कार्डांवरचा खर्च त्यात मोजला जातो, इतकेच ध्यानात असू द्यावे. टूर कंपनीच्या पॅकेजला वेगळा नियम लागू होतो.

प्रश्न : माझ्याकडे सहकारी बँकेचे रुपे डेबिट कार्ड आहे. मुलाकडे दुबईला जायचे आहे. तेच कार्ड पुरेल का? यूपीआय तिथे चालते असेही ऐकले आहे.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : आधी कार्ड नीट पाहावे. रुपेच्या परदेशात चालणाऱ्या कार्डावर डिस्कव्हर किंवा जेसीबी अशा सहयोगी कंपनीचे चिन्ह असते. ते नसेल, तर कार्ड केवळ भारतातले आहे, आणि अनेक सहकारी बँकांची कार्डे अशीच असतात. शाखेत विचारून खात्री करावी. संयुक्त अरब अमिरातीत यूपीआय स्वीकारणारी दुकाने आहेत हे खरे, परंतु सगळीकडे ती सोय नाही, ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय सुविधा आधी सुरू करावी लागते आणि बँकेचे विनिमय शुल्क तिथेही लागू शकते. म्हणून यूपीआयला जोडसाधन मानावे आणि सोबत व्हिसा किंवा मास्टरकार्डचे एक कार्ड ठेवावे. दिरहॅम डॉलरशी 3.6725 या दराने बांधलेला असला, तरी डॉलर भरलेले फॉरेक्स कार्ड दुबईत वापरल्यास चलन बदलण्याचे शुल्क टळत नाही. फॉरेक्स कार्ड घेतलेच, तर दिरहॅमच भरून घ्यावेत.

प्रश्न : थायलंडमध्ये क्रेडिट कार्डाने एटीएममधून दोनदा पैसे काढले. बिलात शुल्काबरोबर व्याजही लावले आहे. शिवाय तिसऱ्या वेळी पैसे बाहेर आलेच नाहीत, पण रक्कम वजा झाली. बँक दाद देत नाही.
— एक वाचक, औंध

उत्तर : व्याजाबाबत बँकेला दोष देता येणार नाही. क्रेडिट कार्डाने रोख काढली, की पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोख रकमेला नसते. त्याशिवाय थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाट किंवा त्याहून अधिक शुल्क घेतात. ते कार्ड कोणतेही असले तरी द्यावे लागते, म्हणून तिथे पैसे काढायचेच तर डेबिट कार्डाने, एकदाच आणि मोठी रक्कम काढावी. सध्या बिलाची पूर्ण रक्कम लवकरात लवकर भरून टाकावी, नाहीतर व्याज वाढत राहील.

न मिळालेल्या पैशांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपण सोडू नये. व्यवहाराची तारीख, वेळ, एटीएमचे ठिकाण आणि पावती असल्यास तिची प्रत जोडून बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि व्यवहार अमान्य असल्याचे स्पष्ट लिहून ‘चार्जबॅक’ची, म्हणजे वजा झालेली रक्कम परत मिळण्याची, मागणी करावी. बँक ती मागणी कार्ड कंपनीमार्फत थायलंडमधल्या बँकेकडे पाठवते आणि तिथल्या एटीएमच्या नोंदींवरून निकाल लागतो. अशा मागणीला मुदत असते, त्यामुळे हे पत्र आजच पाठवावे आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.