समुद्र नाही, पण कडा आहे

तुम्ही विचारलंय की समुद्रकड्यावरून चालत रानफुलं आणि प्राणी-पक्षी बघायची हौस आहे, पण राहता जळगावात. मग जवळ कुठे जावं आणि नवख्याने बघावं काय?

भाऊ, समुद्र तेवढा सोडा, कडा आपल्याकडेही आहे. चाळीसगावहून १८ किलोमीटरवर पाटणादेवी. मंदिराच्या मागे डोंगराच्या उभ्या भिंती दिसतात, तो सगळा गौताळा अभयारण्याचा भाग. कोकणातल्या सड्यावर (कड्यावरच्या सपाट माळावर) जांभा दगड असतो, इथे काळा बसाल्ट. त्यामुळे फुलं तीच मिळतील असं नाही, बघायची रीत मात्र तीच.

जा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. धवलतीर्थ नाहीतर केदारकुंड या धबधब्यांची वाट धरा आणि निम्मं अंतर चाला, पण दुप्पट वेळ घ्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा धबधब्याच्या नादात कळलावीची वेल ओलांडून गेलो होतो! परतताना झुडपात लाल-पिवळं काहीतरी पेटल्यासारखं दिसलं म्हणून वाकलो. पाकळ्या वर उलटलेल्या, कडा लाटेसारख्या मुरडलेल्या, आणि पानाचं टोक दोऱ्यासारखं होऊन शेजारच्या फांदीला गच्च विळखा घालून बसलेलं. कोवळं फूल हिरवट-पिवळं असतं, मग तांबडं होत जातं, म्हणून एकाच वेलीवर दोन जातींची फुलं आहेत असं वाटतं. कंद विषारी, उपटू नका. तेरडा तर पावलोपावली. त्याची पिकलेली शेंग हलकेच दाबून बघा, फट्कन फुटून बी उडवते. पोरांना तेवढंच लक्षात राहतं.

प्राण्यांचं म्हणाल तर प्राण्यापेक्षा त्याची खूण आधी दिसते. नीलगाय एकाच जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकते, तो ढीग सापडला की वाट तिची. साळिंदराचा काळा-पांढरा काटा मातीत पडलेला असतो. कड्याकडे बघायचं तर मान वर करून उभं राहू नका, एका जागी बसा. दहा मिनिटांत पाकोळी पक्षी कपारीत ये-जा करताना दिसू लागतात.

शेवाळावर बूट घसरतात, कड्याच्या टोकाशी जाऊच नका.

बिबट्या मी अजून पाहिलेला नाही. एकदा मात्र वरच्या झाडांवर वानरांचं धोक्याच्या इशाऱ्याचं खॉक्-खॉक् सुरू झालं आणि थांबेचना. आम्ही कळण्याची भाकरी नुकतीच सोडली होती, ती तशीच फडक्यात बांधून गुपचूप मागे फिरलो.