गाडी खाली बसवली, आता चाकं केवढी?

प्रश्न: काका, माझी २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय आहे, कंपनीचे टायर १८५/६५ आर१५. गेल्या वर्षी लोअरिंग स्प्रिंग टाकून ३५ एमएम खाली घेतली. पण १५ ची चाकं आता जास्तच बारीक दिसतात, म्हणून १७ ची अलॉय बघतोय. दुकानदार म्हणतो ७ इंच रुंद, ऑफसेट ३५, वर २१५/४५ टायर, आरामात बसतील. मित्र म्हणतो मोठी चाकं टाकलीस की गाडी परत उंच होईल. बाबांचं एकच, "ह्या काय करून ठेवलंस?" काय करू?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर: आधी मित्राचं बघू. रिम मोठी झाली म्हणजे चाक मोठं झालं असं नसतं रे, टायरची भिंत तेवढी बारीक होते. तुझा १८५/६५ आर१५ (१८५ एमएम रुंद, भिंत त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) जमिनीपासून वरपर्यंत साधारण ६२१ एमएम, दुकानदाराचा २१५/४५ आर१७ भरतो ६२५, म्हणजे गाडी उचलली जाणार जेमतेम २ एमएम. तेवढं कुणाला दिसणारपण नाही.

खरी गोची उंचीची नाही, रुंदीची आहे. ३५ एमएम खाली घेतलीस म्हंजे चाक कायमच तेवढं कमानीच्या आत जाऊन बसलंय, पूर्वी गाडी गच्च भरल्यावर एखाद्या खड्ड्यात घासलं असतं ते आता दर स्पीडब्रेकरला घासणार. समजा तुझी मूळ रिम साडेपाच इंची आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती एमएम बाहेर ते, ४५ (रिमच्या आतल्या बाजूला कोरलेलं असतं, नीट बघून घे, अंदाजावर जाऊ नको), तर ७ इंच आणि ऑफसेट ३५ म्हटल्यावर रिमची बाहेरची कड तब्बल २९ एमएम बाहेर येते आणि आतली ९ एमएम आत शॉकअपच्या दिशेने सरकते. ऑफसेटचा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर, एवढं लक्षात ठेव. मग तोच दुकानदार म्हणणार फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड आतून वळवून देतो, स्वस्तात होतं. ती वळवली की रंग तडकतो, आणि आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे गंज धरलाच म्हणून समज.

मी म्हणेन १६ वर थांब. १९५/५५ आर१६, रिम ६ इंच, ऑफसेट ४० च्या आसपास. चाकाची उंची परत ६२१ च, म्हणजे स्पीडोमीटर पण खोटं बोलणार नाही, आणि वरचंच गणित धरलं तर बाहेर येणार फक्त ११ एमएम. हाच टायर बलेनोच्या वरच्या मॉडेलला येतो त्यामुळे मिळायची पंचाईत नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मात्र कंपनीच्या ८८ च्या खाली नको, या साइजमध्ये एक्सएल (जादा वजन पेलणारा) ९१ चा मिळतो, तो माग. पीसीडी (बोल्टच्या भोकांचं वर्तुळ) ४ बाय १००, म्हणजे ४ बोल्ट १०० एमएमच्या वर्तुळावर, हबचं (चाक ज्यावर बसतं त्याचं) भोक ५४.१ एमएम, रिमचं भोक मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) घेच, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालत बसतो.

दिसायला १७ भारीच दिसतं, नाही कशाला म्हणू. पण टायरची भिंत १२० एमएमवरून ९७ वर येते आणि जुलैत फोंडा नाहीतर करूळ घाटातले पाण्याने भरलेले खड्डे दिसत नाहीत, दिसतात तेव्हा चाक आत गेलेलं असतं. १६ ला १०७ उरते.

अजून एक, स्प्रिंग कापून घेतलेल्या नाहीत ना? तसं असेल तर चाकांचे पैसे आधी नीट स्प्रिंगवर घाल. आणि गाडी खाली घेणं हेच मुळात कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर जातं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यावरच आहे, बेकायदा बदलाला दर बदलामागे ५००० दंड होऊ शकतो, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले पण बोट ठेवतात. हे माहीत असून करतोयस तर कर.

पैसे देण्याआधी दुकानातच एक जोडी चढवून बघ. टायरच्या खांद्याला पानाचा ओला चुना फास, गाडीत चार माणसं बसव, स्टिअरिंग पूर्ण वळवून एखाद्या मातीच्या चढावर गाडी तिरकी, हळूहळू चढव, म्हणजे एक कोपरा पूर्ण दबतो. (चाकाखाली चिरा ठेवू नको, वजनाने फुटतो.) मग उतरून लायनर (कमानीच्या आतलं प्लास्टिक) आणि फेंडरची कड बघ. कुठे पांढरं लागलं असेल तर ती रिम परत द्यायची. आणि मागच्या सीटवर बाबांनाच बसव, घासलं तर तुझ्याआधी त्यांना ऐकू येईल.