लिफ्ट केलेल्या पिकअपला मागून धडधड येतेय? क्राऊन खोलण्याआधी कोन मोजा

राम राम भाऊ, तुमचं सगळं वाचलं आणि फोटो पण मोठे करून बघितले. म्हणजे शिरपूरची फोर बाय फोर डबल केबिन, ३ इंच उचललेली, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि हाऊसिंग (मागच्या चाकांचा अॅक्सल असलेली लोखंडी पेटी) यांच्या मध्ये दोन-दोन लोखंडी ब्लॉक एकावर एक, टायर २१५ चे काढून २३५/७५ आर १५ टाकलेले. लोड घेऊन पहिल्या-दुसऱ्यात उचलताना मागून धडधड, ६० च्या पुढे सीटखाली झिणझिण, पिनियनचं सील (तेल अडवणारी रबरी रिंग) तीन महिन्यांत दोनदा बदललं आणि आता मिस्त्री म्हणतोय क्राऊन-पिनियन (हाऊसिंगमधली मागची चाकं फिरवणारी गिअरची जोडी, पिनियन म्हणजे शाफ्टकडचा छोटा गिअर) गेलं, हाऊसिंग खोलावं लागेल. भाऊ, एवढ्यात खोलू नका. क्राऊन गेलं असेल तर गाडी ओढताना किंवा अॅक्सिलेटर सोडल्यावर हूं हूं असा एकसारखा आवाज येतो आणि स्पीड वाढला की त्याचा सूर पण चढतो. तुम्ही सांगता ती धडधड तशी नाही, ती शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) कोनाची आहे असं मला ठाम वाटतं.

तुमच्या तिसऱ्या फोटोत पिनियनचं नाक वर आभाळाकडे बघतंय. ब्लॉक पण नीट बघा, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ आहेत, म्हणजे उतरते. असा एक ब्लॉक टाकला की पिनियन थोडं वर वळतं, दोन टाकले की दुप्पट वळतं. बसवणाऱ्याला वाटलं असेल पिनियन गिअरबॉक्सकडे बघायला लागलं म्हणजे शाफ्ट सरळ झाला, काम चांगलं झालं. आपल्याकडे नव्वद टक्के लोक हीच चूक करतात. ज्या शाफ्टला एका टोकाला डबल क्रॉस (क्रॉस म्हणजे शाफ्टचा वाकणारा सांधा) असतो त्याला ते चालतं, पण आपल्या गाड्यांना दोन्ही टोकांना साधा एकेक क्रॉस. साधा क्रॉस वाकड्यात फिरला की एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो, आणि पुढच्या क्रॉसने केलेली ही गडबड मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तरच खोडून काढतो. कोन वेगळे झाले की ती ओढाताण सरळ पिनियनच्या बेअरिंगवर आणि सीलवर जाते, वरून नाक वर झालं की पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल पण कमी पोचतं. मग सील कितीही वेळा बदला, परत गळणारच.

मोजायला मशीन लागत नाही. मोबाईलमध्ये कोन दाखवणारं अॅप टाका, गाडी सपाट फरशीवर, चाकं जमिनीवर, मागे तुमचा नेहमीचा लोड. मागे जाणाऱ्या शाफ्टचे सेंटर बेअरिंगने (मधल्या टेकूने) जोडलेले दोन तुकडे, म्हणजे पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट, आणि पिनियनची फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडतात ती चकती), असे तीन आकडे घ्या, फ्लँजवर मोबाईल उभा लावावा लागतो म्हणून तो आकडा ९० तून वजा करा आणि उतार कुठल्या बाजूला ते पण लिहा. पुढच्या आणि मागच्या शाफ्टमधला फरक, आणि मागच्या शाफ्ट आणि पिनियनमधला फरक, हे दोन एकमेकांशी १ अंशाच्या आत जुळले पाहिजेत आणि प्रत्येक ३ अंशाच्या आसपास किंवा कमी असला तर उत्तम. माझा अंदाज, तुमच्याकडे एक मोठा निघेल आणि दुसरा जवळपास शून्य.

आता ब्लॉकवर ब्लॉक. हे मी कोणाच्याच गाडीला राहू देत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला एका गॅरेजवाल्याने असेच दोन रचून दिले होते, मी पण काही बोललो नाही. पालहून सावद्याकडे उतरताना केळीच्या खताच्या गोण्या मागे, एका खड्ड्यात टण्ण असा आवाज आला आणि त्यानंतर स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. उतरून बघितलं तर डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधोमध बसून हाऊसिंग जागेवर ठेवणारा) कापला गेला होता आणि हाऊसिंग चांगलं बोटभर मागे सरकलं होतं. त्या दिवशी घरची माणसं गाडीत नव्हती हेच देवाचे उपकार. कारण असं आहे की लोड उचलताना हाऊसिंग स्वतःभोवती वळायला बघतं, पाटे त्याला धरून ठेवतात, आणि मध्ये ब्लॉक आला की त्याची पहार होते. जेवढा उंच ब्लॉक तेवढे पाटे एस सारखे पिळले जातात. त्याने शाफ्टचा कोन आणखी बिघडतो, तुमची पहिल्या-दुसऱ्यातली धडधड बरीचशी त्यामुळेच आहे.

टेप घ्या आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून हाऊसिंगच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. पाच-सात मिलिमीटरचा फरक निघाला तरी गाडी चालवू नका, आधी सेंटर बोल्ट बघा.

उपाय म्हणाल तर दोन्ही ब्लॉक काढा आणि जास्त कमान असलेले नवे पाटे पूर्ण सेट टाका. जुनेच पाटे ठोकून कमान काढून देणारे खूप आहेत, स्वस्त पडतं, पण लोडच्या गाडीत ती कमान पुन्हा बसते. एक पाटा वाढवायचा सल्ला पण मिळेल, त्याने रिकामी गाडी मागून नुसती उड्या मारते. नंतर पिनियनचा कोन स्टीलच्या वेजने (पाचरीने) जुळवा, अॅल्युमिनियमची वेज नको, ती दबून फुटते. तरी मागचा शाफ्ट जास्त वाकडा राहिला तर सेंटर बेअरिंग थोडं खाली घ्यायचं, पण मग तीनही आकडे परत मोजायचे.

सील तिसऱ्यांदा टाकण्याआधी हाऊसिंगचा ब्रीदर (आतली गरम हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) काढून फुंकून बघा. आपल्या काळ्या मातीचा चिखल आत वाळला की सिमेंटसारखा बसतो, हाऊसिंग गरम झालं की हवेला वाट नाही आणि तेल सीलमधून बाहेर. लिफ्टमध्ये ब्रीदरची नळी ताणून निसटलेली पण मी पाहिलीय.

ब्रेकचं मात्र आजच बघा, बाकी सगळं नंतर. हाऊसिंग आणि चेसिसच्या मध्ये दांडी असलेला लोडचा व्हॉल्व्ह असेल तर गाडी उचलल्यावर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. भरली गाडी घेऊन चाळीसगावचा औट्रम घाट उतरताना सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर येणार. त्या व्हॉल्व्हचा ब्रॅकेट लिफ्टच्या मापाने सरकवून घ्या. चेसिसला जॅक आणि खाली घोडे (स्टँड) लावून मागची चाकं लटकवा आणि बघा ब्रेकचा पाईप ताणतोय का, शॉकअप पूर्ण उघडून तोच तर हाऊसिंग धरून बसला नाही ना.

टायरचं गणित पण सांगतो. २१५/७५ चा टायर साधारण ७०४ मिमी उंच, २३५/७५ चा ७३४. म्हणजे हाऊसिंग फक्त १५ मिमी वर गेलं, पण काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६२-६३ ने चाललेले असता आणि क्राऊन-पिनियनवर तेवढा जास्त ताण.

कागदाचं पण ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमावाला पहिलं हेच बोट दाखवेल. म्हणून मी तर म्हणेन ३ इंच कशाला, शेतरस्त्याला नव्या पाट्यांची दीड इंच पुष्कळ झाली.

यू बोल्ट (पाटे हाऊसिंगला आवळणारे) जुने परत वापरू देऊ नका, एकदा ताणले गेले की गेले. नवे टाका, गाडीचं वजन चाकांवर असताना आडवेतिडवे करत कसा आणि १०० किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावा. ते तीन आकडे आणि टेपची दोन मापं इथे टाका, वेज किती अंशाची लागेल ते मी काढून देतो.