एकटा अणू लेझरचा प्रकाश खरंच अडवू शकतो का?

जळगावच्या बीएस्सीच्या विद्यार्थ्याने विचारलंय: अणू जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरचा, प्रकाशाची तरंगलांबी 780 नॅनोमीटर, मग अडणार काय डोंबल?

अडतो की! प्रकाशाची वारंवारता अणूच्या स्वतःच्या वारंवारतेशी तंतोतंत जुळली, की रुबिडियम या धातूचा अणू तरंगलांबीच्या वर्गाच्या जवळपास निम्म्या क्षेत्रफळावरचा प्रकाश विखुरतो. त्याच्या स्वतःच्या आकाराला तिथे कोण विचारतो? सिंगापूरमध्ये 2008 साली प्रकाश अणूवरून पुन्हापुन्हा फिरवणारे आरसे न लावता, नुसत्या भिंगाने लेझर एकाच अणूवर एकवटला, तर सुमारे 10 टक्के प्रकाश कमी झाला. पूर्ण का नाही? अणू चहूबाजूंनी प्रकाश फेकतो, भिंग मात्र एकाच बाजूने देतं.

खरी कटकट अणू धरून ठेवण्याची. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात तो सेकंदाला सुमारे 300 मीटर पळेल. म्हणून आधी लेझरनेच थंड करायचा, मग दुसऱ्या लेझरच्या चिमट्यात पकडायचा.