चॅप्लेन, चॅपलिन आणि अर्धा झगा

प्रश्न : ‘मिलिटरी चॅप्लेन्सच्या प्रशिक्षणाचा इतिहास’ अशा लेखाचं भाषांतर करतोय. ‘लष्करी पुजारी’ चालेल का?

उत्तर : नाही चालणार. चॅप्लेन म्हणजे सैन्यासोबत राहणारा धर्मोपदेशक. पुजाऱ्याला गाभारा लागतो, हा माणूस पलटणीमागे चिखल तुडवतो. आणि ‘चॅपलिन’ तर अजिबात लिहू नका! परवाच एका बातमीत ‘सैन्यातील चॅपलिन’ वाचलं आणि डोळ्यांपुढे मिशी अन् काठी आली. (ते आडनाव याच शब्दावरून आलंय, पण म्हणून काय झालं?)

खरी मजा मुळात आहे. चौथ्या शतकातला मार्टिन हा रोमन शिपाई. कथा अशी की, फ्रान्समधल्या आमियाँ गावाच्या वेशीवर त्याला थंडीनं कुडकुडणारा भिकारी दिसला. यानं तलवारीनं स्वतःचा झगा चिरला आणि अर्धा त्याला दिला. लॅटिनमध्ये झगा म्हणजे ‘काप्पा’, छोटा झगा ‘काप्पेल्ला’. (काप्पा कापला! पण हा निव्वळ योगायोग, ‘कापणे’शी सोयरीक जोडू नका.) मार्टिन पुढे संत ठरला. फ्रँक टोळीचे राजे तो झगा लढाईला सोबत नेत. तो सांभाळणारे ते ‘काप्पेल्लानी’, तो ठेवायची जागा ती चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह. चॅपेलमध्ये बसतो म्हणून चॅप्लेन, असं सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. शब्द जन्मला तोच छावणीत, म्हणून ‘मिलिटरी चॅप्लेन’ हे माझ्या मते पिवळं पीतांबर. इस्पितळात, तुरुंगातही चॅप्लेन असतात, ठाऊक आहे; कळवू नये.

‘पाद्री’ म्हणजे ‘पूज्यपाद’ असं छातीठोक सांगणारे विद्वानही भेटतात. अहो, तो पोर्तुगीज शब्द, लॅटिन ‘पातेर’वरून, अर्थ बाप. नातं लावायचंच तर ‘पितृ’शी लावा, पायाशी कशाला? पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला, इंग्रज शिपायांनी इथे उचलला, आणि ब्रिटिश लष्करात चॅप्लेनला अजूनही ‘पाद्रे’ म्हणूनच हाक मारतात.

‘प्रशिक्षण’ही जपून वापरा. धर्म त्यांना तिथे कोणी शिकवत नाही, तो ते शिकूनच येतात. अमेरिकी सैन्यात चॅप्लेन १७७५ पासून, पण त्यांची शाळा निघाली थेट १९१८ साली, व्हर्जिनियात फोर्ट मन्रोला. तिथे लष्करी कायदा, कवायत, घोड्यावरची मांड. १९४२ मध्ये ती हार्वर्डला होती. तिथे शिकलेले चौघे, एक रब्बी (ज्यू धर्मगुरू), एक कॅथलिक, दोन प्रोटेस्टंट, १९४३ साली ‘डॉर्चेस्टर’ हे सैनिकांचं जहाज बुडताना आपली लाइफ जॅकेटं सैनिकांना देऊन बसले.

हां, तुमचा प्रश्न. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे सगळे जेसीओ, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्याचे. त्यांचं प्रशिक्षण पुण्यातच, राष्ट्रीय एकात्मता संस्थेत. जवान त्यांना ‘धर्मगुरू’ म्हणतात. तुम्हीही ‘लष्करी धर्मगुरू’ लिहा. इथे ‘लष्करी’ हवंच, नाहीतर वाचक थेट पोपपर्यंत पोचेल.