वनस्पतीतलं संयुग यकृताला बाधतं का, हे औषध बनवताना कसं तपासतात? नैसर्गिकच असेल तर तपासायचं कशाला?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि निपाणीचे मामा आठवले, म्हणून लिहायला घेतलं.

पहिला भाग आधी उरकतो. सुरुवात बहुतेक हेपजीटू पेशींवर होते, कारण त्या स्वस्त आणि वाढवायला सोप्या. पण त्या यकृताच्या कॅन्सरच्या गाठीतून आलेल्या, औषध मोडणारी सायटोक्रोम एन्झाइम्स त्यांच्यात नावालाच. खुळखुळा या रानटी झुडपाच्या बियांतल्या पायरोलिझिडीन अल्कलॉइड्सचं विष ही एन्झाइम्सच करतात, त्यामुळे असली संयुगं हेपजीटूवर साळसूदपणे पास होतात. म्हणून पुढे हेपाआरजी, म्हणजे ही एन्झाइम्स बऱ्यापैकी असलेल्या यकृतपेशी, किंवा माणसाच्या यकृताच्या थेट काढलेल्या पेशी, मग प्राणी. एमटीटी चाचणीत पेशींवर घातलेला पिवळा रंग जांभळा झाला की पेशी जिवंत धरतात. पॉलिफिनॉल या वनस्पतींतल्या संयुगांनी भरलेला अर्क मात्र प्लेटच्या पेशी नसलेल्या खळग्यातही तो जांभळा करतो. तो कोरा खळगा न ठेवताच 'सुरक्षित' असा शेरा मारलेले प्रबंध एम. फार्मला असताना बेळगावातच बघितलेत.

आता मामा. 2021 च्या कोरोनाच्या लाटेत त्यांनी परसातल्या गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ सुरू केला, महिनोन्‌महिने. मी हटकलं तर, "आज्जा-पणज्यांनी खाल्लंय, मला शिकवायलास काय?" मग डोळे पिवळे झाले. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी हजाराच्या वर, काविळीचं पिवळं द्रव्य बिलिरुबिनही चढलेलं. औषधाच्या मानवी चाचण्यांत एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीच्या आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर एकदम गेलं, दुसरं कारणही सापडलं नाही, तर कंपनीची झोप उडते. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्यावर डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला. त्याच आठवड्यात मामी त्यांना खानापूरकडच्या काविळीच्या औषधवाल्याकडे घेऊन गेल्या. रिपोर्ट उतरले, श्रेय औषधवाल्याला! अहो, साधी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते, मग कुणाच्याही पुडीला गुण येणारच. आजही लग्नाकार्यात मामा चार लोकांत मलाच ऐकवतात.

नैसर्गिक म्हणे! 1970 च्या दशकात आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात धान्यात खुळखुळ्याच्या बिया मिसळल्या गेल्या आणि माणसं यकृत जाऊन मेली. बुरशी आलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन कुठल्या कारखान्यात बनतं?

गुळवेल सरसकट विषारी आहे असं मी म्हणत नाही. त्या वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांची नोंद केली, तेव्हा वेल दुसऱ्याच जातीची असेल, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. मामांची वेल कुणी तपासलेली नाही. यातल्या बऱ्याच रुग्णांत प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखं दिसलं होतं, आणि तसला त्रास पेशींच्या प्लेटवर सहसा सापडतच नाही. तेव्हा तुम्ही किंवा घरचं कुणी रोज काढा घेत असाल, तर आधी एकदा आणि महिन्याभरानं पुन्हा एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करा. वाढलेली दिसली तर काढा बंद, औषधवाल्याकडे जायच्या आधी.

आणि हो, दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा. आमच्या मामींनी पहिला रद्दीत घातला.