काटकोन दोन सूत खातो, टोक पाच

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलीच्या बाळंतपणासाठी ४ फूट बाय ५ फुटांची गोधडी शिवायला घेतली. ४ इंचांचे चौकोनी तुकडे कापले, नऊ-नऊ जोडून एकेक चौकट केली. हिशेबाने चौकट १२ इंचांची व्हायला हवी होती. अशा २० चौकटी जोडल्या, आडव्या चार आणि उभ्या पाच. मोजलं तर साडेबेचाळीस बाय त्रेपन्न! शिवण क्लासच्या बाई म्हणाल्या, दरेक तुकड्याला अर्धा इंच वाढवा. दुसऱ्या गोधडीला तसं केलं. चौकोन बरोबर आले, पण दोन रंगांचे त्रिकोण जोडून केलेले चौकोन तरीही लहानच. कापड जातं कुठं?
– एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : शिवणीच्या पोटात जातं बाई. तुमचं पत्र वाचलं आणि आधी कागदावर हिशेब मांडला. ४ इंचांच्या तुकड्याचा दोन्हीकडून पाव-पाव इंच शिवणीत गेला, उरला साडेतीन. तीन तुकड्यांचे साडेदहा. चार चौकटींचे ४२, पाचांचे साडेबावन्न, आणि बाहेरच्या कडांना न शिवलेला अर्धा इंच. झाले की साडेबेचाळीस आणि त्रेपन्न! म्हणजे १८० तुकड्यांत तुमची शिवण कुठंच वाकडी गेलेली नाही. माझी पहिली गोधडी इतकी नेमकी आली नव्हती.

ही जी जास्तीची कड सोडायची, तिला क्लासमधल्या पोरी मार्जिन म्हणतात. माझी आजी माया म्हणायची. गंमत म्हणजे गोधडीला तिला ती कधी लागलीच नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या अंथरायच्या, वर चिंधीशेजारी चिंधी ठेवायची आणि दुपारभर धावदोरा घालत बसायचं. टेप तिनं आयुष्यात हातात धरला नाही. आपण आधी तुकडे पालथे धरून मशीनवर जोडतो, म्हणून हा सगळा हिशेब आपल्या मागं लागला.

आता त्रिकोणाचं. क्लासच्या बाईंनी चुकीचं सांगितलं नाही, अर्धवट सांगितलं. अपूर्णांक डोक्यात ठेवू नका, सुतार मोजतो तसं सुतात मोजा. इंचाचे ८ सूत, आपली शिवण २ सुतांची. वहीचा एक कागद घ्या. चौकोन कापा, तो कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका कापून त्रिकोण करा आणि तिन्ही कडांच्या आत २ सुतांवर पेन्सिलीनं रेघा मारा. काटकोनाच्या कोपऱ्यात रेघ २ सुतांवरच थांबेल. निमुळत्या टोकाशी मात्र बघा. दोन रेघा जिथं भेटतात तिथून सरळ खाली कडेवर या आणि टोकापर्यंत मोजा. पाचाला किंचित कमी भरेल. एवढं अख्खं टोक शिवणीमागं जातं, समोरून दिसतच नाही.

काटकोन दोन सूत खातो, टोक पाच. एवढं पाठ केलं की झालं. चौकोनाच्या कडेला दोन्हीकडे काटकोन, दोन नि दोन चार सूत, म्हणजे तुमचा तो अर्धा इंच. चौकोन तिरका कापून दोन त्रिकोण करायचे तर कडेला एकीकडे काटकोन आणि एकीकडे टोक, दोन नि पाच सात. आणि चौकोनाचे फुलीसारखे चार त्रिकोण करायचे तर लांब कडेला दोन्हीकडे टोकंच, पाच नि पाच दहा. तयार मापात ४, ७ किंवा १० सूत मिळवायचे.

तुम्ही त्रिकोणांसाठी साडेचार इंचांचे चौकोन कापले असणार. हवे होते ४ इंच ७ सुतांचे. म्हणून ४ इंचांऐवजी ३ इंच ५ सुतांचा चौकोन हातात आला. मी स्वतः सरळ ५ इंचांचा कापते आणि जोडून, इस्त्री फिरवून मग साडेचारावर छाटते. तिरकी कड उरेबात असते, म्हणजे कापडाच्या धाग्यांना आडवी-तिरपी कापलेली, जुन्या पातळाची असली तर शिवता शिवता ताणते. सूतभर कापड वाया गेलेलं परवडतं.

एक गोष्ट शिवायच्या आधी तपासा. मशीनच्या पायाची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असतेच असं नाही. दीड-दीड इंचाच्या तीन पट्ट्या लांबीत जोडा. मधली पट्टी समोरून बरोबर १ इंच दिसली पाहिजे. कमी दिसली तर तुमची शिवण जास्त खाते. मग सुईपासून २ सूत मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापड तिला टेकवून चालवा. माझ्या जुन्या पायमशीनवर अशी पट्टी कायमची आहे, नात ती उपटत असते, मी पुन्हा लावते. आणि बोथट खडूनं आखू नका. त्याची रेघच सूतभर रुंद, तुम्ही तिच्या आतून कापता की बाहेरून, यावर माप बदलतं.

पहिली गोधडी उसवू नका. तिला लुगड्यासारखे काठ लावा. उभ्या बाजूंना साडेतीन इंचांच्या पट्ट्या कापा, तयार ३ राहतील, ४२ चे ४८ झाले. मग वर-खाली सव्वाचार इंचांच्या, तयार पावणेचार, साडेबावन्नचे ६०. तुमचे ४ बाय ५ फूट भरले. एकाच गडद रंगाचे काठ घ्या, लोकांना वाटेल आधीपासून असंच ठरवलं होतं.

पुढच्या वेळी नवीन सुती कापड आणणार असाल तर आधी भिजवून वाळवून घ्या, आटायचं ते कापण्याआधी आटू द्या. ४४ इंच पन्ह्यातले ४२ धरा. साडेचार इंचांच्या एका पट्टीत ९ तुकडे बसतात. चौकटीत ५ गडद, ४ फिके, तर २० चौकटींना १०० गडद म्हणजे १२ पट्ट्या, ५४ इंच. दीड मीटर घ्या. फिके ८०, नऊ पट्ट्या, सव्वा मीटर पुरतं.

प्रश्न : चौकटी शंकरपाळ्यासारख्या तिरक्या लावल्या तर कडेच्या खाचांत आणि कोपऱ्यांत बसणारे त्रिकोण केवढे कापायचे? चौकट १२ इंचांची आहे.
– एक वाचक, पुसद तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : इथं मी स्वतः तोंडावर पडलेली आहे, म्हणून सविस्तर सांगते. खाचेतल्या त्रिकोणाच्या आखूड कडा १२ इंचांच्या, म्हणून मी १२ इंच ७ सुतांचे चौकोन कापून त्यांचे दोन-दोन त्रिकोण केले. माप अगदी बरोबर. पण चौकोनाची तिरकी कड, म्हणजे उरेब, गोधडीच्या बाहेरच्या काठावर आली. पहिल्या धुण्यात काठाची झालर झाली. ती गोधडी आता ट्रॅक्टरच्या सीटवर असते.

बाहेरचा काठ नेहमी सरळ धाग्यात पाहिजे. खाचेसाठी १२ ला १.४१ ने गुणा, १७ धरा, वर १० सूत मिळवा. सव्वाअठरा इंचांचा चौकोन कापून फुलीत चार तुकडे करा, लांब कड आपोआप सरळ धाग्यात येते. कोपऱ्यांचं याच्या उलट, तिथं आखूड कडा बाहेर असतात. १२ ला १.४१ ने भागा, साडेआठ, वर ७ सूत : ९ इंच ३ सुतांचा चौकोन, तिरका कापून दोन. कोपरे चार, तेव्हा असे दोन चौकोन पुरे.